कळ्ळी

अठ्ठावीस वर्षं अथणीच्या नळांना पाणी सोडलं मी.
म्हणजे, खरं तर बंद केलं.
सोडायला मनगट पुरायचं, बंद करायला काळीज लागायचं.
पहाटे चारला लांब दांड्याची किल्ली खांद्यावर,
गल्लीच्या तोंडाशी लोखंडी झाकण उचलून खड्ड्यात वाकायचं,
चौदा आटे उजवीकडे,
की मागून निंगव्वा:
"अजून दोन घागरी राहिल्यात की हो! नीर बिडरी!"
आठव्या दिवशी पाणी. मे महिन्यात बाराव्या.
शिव्या दोन्ही भाषांत खाल्ल्या,
कन्नडमधल्या जास्त खोल जायच्या.

आता गच्चीवर माझी निराळी वस्ती.
चार इंची पाइपाचे उरलेले तुकडे, फुटक्या मीटरचे डबे,
बॅटरीची काळी खोकी,
प्रत्येकाच्या बुडाला तापल्या सळईचं भोक.
माती नावापुरती:
मुरूम, विटांचा चुरा, कृष्णेची जाड वाळू.
इथली काळी नको. ती पाणी धरून ठेवते
भाऊबंदांनी राग धरावा तशी.

हे चेंडूसारखं, अंगावर शिवण असलेलं, आफ्रिकेचं.
हे खोडाचं मडकं करून बसलेलं.
माकडशिंग मात्र इथलंच,
तेलसंगच्या माळावरून आणलं, शेळ्यांनी अर्धं खाल्लेलं.
आणि हे चांदणीच्या आकाराचं फूल. वास मेल्या उंदराचा.
निंगव्वानं दोन दिवस आमच्या पिंपामागं शोधलं,
मग कपाळाला हात लावला:
"एनरी, घरात कळ्ळी लावताय?"

कळ्ळी म्हणजे निवडुंग. कळ्ळी म्हणजे चोरटीसुद्धा.
मला दोन्ही पटलं.
पाणी चोरायचं, अंगात दडवायचं, वर काटे लावून गप्प बसायचं.
मी म्हणालो, आमच्या मराठीत यातला अर्धा ळ काढला
की कळी होते बघा.
ती म्हणाली, "अर्धा ळ काढून तेव्हा
मला एक घागर तरी मिळाली असती का?"

पण जीव होता तो त्या दगडांत.
कालिंपाँगहून पार्सलनं आलेले, कापसात गुंडाळलेले,
सात खडे, प्रत्येकाच्या मधोमध एक चीर.
थंडी सरताना जुनी पानं
आतल्या नव्या जोडीला पाजत पाजत सुकतात,
कागद होतात.
तेव्हा थेंबही द्यायचा नसतो.
दिला तर जुनं मरत नाही, नवं जगत नाही.
हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.
माझा जन्मच न देण्यात गेलेला.

फेब्रुवारीत मोतीबिंदूसाठी मिरजेला गेलो.
सुगंधा सोबत, किल्ली निंगव्वाकडे.
नऊ दिवस.
परतलो. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्यानं पाहिलं:
गच्ची ओलीचिंब, डब्यांच्या बुडातून अजून ठिबकतंय,
दगड उललेले.
एकाला बोट लावलं, ते आत गेलं.

निंगव्वा पदराला हात पुसत उभी.
"रोज दोन घागरी घातल्या. एक दिवस चुकले नाही.
पानं नुसती कागद झाली होती हो बिचाऱ्यांची.
तहानलेलं मला बघवत नाही.
तुम्हाला ठाऊकच आहे."

ठाऊक होतं.

त्या रात्री, वाळू चाळताना बाजूला काढलेले
नदीचे सात गोटे
मी त्याच डब्यात बसवले.
एकाला मुळातच बारीक चीर होती, तो पुढं ठेवला.

ती अजून संध्याकाळी येते, वाकून बघते.
"बरे आहेत ना?"
"बरे आहेत."
"थोडं देऊ?"
"द्या की."
ती ओंजळीतून सोडते, सोडत राहते.
गोटे काळे होतात, चकाकतात.
मी आटे मोजत नाही.